आधी दाजीपूर, मग केनिया

आमच्या घरात आफ्रिकेचे नाव प्रथम आले ते माझ्या आजेसासऱ्यांच्या एका आठवणीतून. ही १९३० नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. ते तेव्हा आठ-दहा वर्षांचे होते. एका सकाळी वडिलांचा हात धरून कोल्हापुरातल्या रस्त्याने जात असताना त्यांना गाडीवर बसवलेला चित्ता दिसला. गळ्यात पट्टा होता, शेजारी त्याला सांभाळणारा माणूस होता आणि चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी ओढलेली होती. सावज टप्प्यात येईपर्यंत चित्त्याचे डोळे झाकून ठेवायचे, अशी त्या शिकारीची रीत. "चित्ता बघितला, पण त्याचे डोळे काही बघायला मिळाले नाहीत," असे ते ऐंशीव्या वर्षीही हळहळून सांगत.

तो चित्ता बहुधा आफ्रिकेतून आलेला होता. आपल्याकडचे चित्ते विसाव्या शतकाच्या आरंभीच दुर्मिळ झाले होते, आणि हा प्राणी बंदिवासात सहसा वीत नाही. त्यामुळे शिकारीचा शौक असलेल्या संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली. त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन संस्थाने आघाडीवर होती. १९१८ ते १९४५ या काळात असे सुमारे २०० चित्ते भारतात आणले गेले. भारतातले शेवटचे ज्ञात तीन चित्ते १९४७ मध्ये मारले गेले आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या जंगलात आणले गेले, तेव्हा ती बातमी माझ्या सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून कापून वडिलांच्या तसबिरीमागे ठेवली.

माझ्या सासऱ्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो. वय सत्तर. तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले. फळ्यावर हात न उचलता आफ्रिकेचा नकाशा काढण्यात त्यांचा हातखंडा होता. किलिमांजारो आणि माउंट केनिया त्यांनी हजारो मुलांना दाखवले, पण ते खडूच्या टिंबांनी. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, जोडीला रक्तदाब आणि उजव्या गुडघ्याची झीज. मागच्या दिवाळीत सारी मंडळी जमलेली असताना ते एकदम म्हणाले, "मला एकदा केनियाला न्या. वडिलांचं राहिलेलं बघून येतो."

घरात क्षणभर शांतता पसरली. अशा वेळी आपण मुले आणि सुना दोनच उत्तरे देतो. एक म्हणजे "आता या वयात कशाला?" आणि दुसरे म्हणजे "जाऊया की!" पहिल्यात भीती असते, दुसऱ्यात टाळाटाळ. दोन्हींत समोरच्या माणसाच्या शरीराची खरी चौकशी नसते. ती चौकशी करताना आम्ही काय शिकलो, ते येथे सांगायचे आहे.

केनियाच का?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की आप्पांची इच्छा वेडी नव्हती. वन्यप्राणी आणि पर्वत ही दोन्ही सुखे ज्यांना फार चालवत नाही अशांनाही देणारा तो देश आहे. आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलात प्राणी दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. केनियातील मसाई माराचे अभयारण्य मात्र बहुतांशी गवताळ माळ आहे. सुमारे १,५०० चौरस किलोमीटरच्या त्या मोकळ्या रानात हत्ती, जिराफ, सिंह आणि चित्ते गाडीत बसल्या जागेवरून दिसतात. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान टांझानियातील सेरेंगेटीच्या बाजूने विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप चाऱ्यासाठी तिकडे येतात. शिवाय रानात ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरण्यास मनाई असते. म्हणजे सतरा वर्षांच्या नातवाला आणि सत्तरीच्या आजोबांना तेथे एकच आसन, एकच खिडकी.

पर्वताचेही तसेच. ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो उभा आहे टांझानियात, पण त्याचे सुंदर दर्शन घडते केनियातील अंबोसेलीच्या मैदानावरून. हत्तींचा कळप आणि त्यामागे विषुववृत्ताजवळचे बर्फाचे शिखर, हे दृश्य पाहायला एक पायरीही चढावी लागत नाही. दिवस वर आला की शिखर ढगांत जाते, म्हणून पहाटे उठण्याची सवय मात्र हवी, आणि ती आपल्या ज्येष्ठांना असतेच.

प्रवासही आवाक्यातला आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. घड्याळाचा फरक अडीच तासांचा असल्याने युरोप-अमेरिकेच्या प्रवासासारखी झोपेची उलथापालथ होत नाही. गुजराती समाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असल्याने शाकाहारी जेवणाचीही पंचाईत पडत नाही.

डॉक्टरांची खोली

ही सारी माहिती घेऊन आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाही म्हटले नाही. वहीत तीन मुद्दे मात्र लिहून दिले.

पहिला मुद्दा उंचीचा. नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाई शिखरापेक्षाही (१,६४६ मीटर) वर. विरळ हवेचा खरा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे मैदानावरून पर्वत पाहणाऱ्याला बहुधा अडचण येत नाही. तरी हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी तपासणीशिवाय निघू नये, आणि पोहोचल्याच्या दिवशी दगदग टाळावी.

दुसरा मुद्दा हिवतापाचा. माराच्या भागात डासांपासून त्याचा धोका असतो. प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्या रोजच्या औषधांशी जुळतात की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, पीतज्वराच्या लसीचा. केनियाहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे ही लस घेतल्याचे प्रमाणपत्र असावे लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस ठरावीक मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मानले जाते. येथपर्यंत सारे सोपे वाटते. पण ही जिवंत, परंतु क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक आढळते. तसे प्रसंग विरळ असतात, पण असतात. छातीतील थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना किंवा रोगप्रतिकारशक्ती फार क्षीण झालेल्यांना ही लस देत नाहीत. पर्यटन कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकात ही गोष्ट कोपऱ्यात एका ओळीत असते. ज्येष्ठ नागरिक घरात असेल तर ती ओळ सर्वांत आधी वाचावी.

"लस घ्यायची की नाही, ते तुमचे सगळे तपास पाहून आपण मिळून ठरवू," डॉक्टर म्हणाले. "पण त्याआधी एक करा. दोन दिवस दाजीपूरला जाऊन या. पहाटे उठणं, गाडीचे हादरे, अवेळी जेवण, आडरानात लघवीची सोय, सगळं तिथंही आहेच. शरीर काय म्हणतंय ते कळेल."

आप्पा हसले. "म्हणजे मैदानात उतरायच्या आधी तालीम!" कोल्हापूरच्या माणसाला ही भाषा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गव्यांच्या प्रदेशात

कोल्हापूरपासून राधानगरी सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि दाजीपूर सुमारे ८०. भोगावतीच्या खोऱ्यातून उसाच्या मळ्यांमधून जाणारा हा रस्ता. शाहू महाराजांनी सुरू केलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर पूर्ण झालेल्या राधानगरी धरणाचे पाणी दिसू लागले की हवा बदलते. पूर्वी हे रान संस्थानाच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९५८ मध्ये ते गव्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे सर्वांत जुने अभयारण्य. आता राधानगरी अभयारण्य या नावाने त्याचा विस्तार ३५१ चौरस किलोमीटर आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत त्याचाही समावेश आहे. ज्या घराण्याने आफ्रिकेचे चित्ते आणून शिकार केली, त्याच घराण्याने राखलेले रान आज गव्यांचे घर झाले आहे. नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहून आलेल्या मुलांना जिवंत प्राणी पाहायला येथे आणावे.

आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलो. पावसाळ्यात रानातली वाट बंद असते. उन्हाळा लागला की पाणवठे मोजके उरतात आणि प्राणी दिसण्याची शक्यता वाढते. पहाटे सहाला जीप निघाली. आप्पांना पुढच्या आसनावर बसवले, कारण मागच्या चाकांवरचे आसन सर्वांत जास्त उसळते. कमरेमागे घट्ट उशी दिली. रक्तदाबाच्या गोळीने त्यांना वारंवार लघवीला लागते, म्हणून त्या दिवसापुरती ती वेळ बदलून घेण्याबाबत डॉक्टरांना आधीच विचारले होते. स्वतःच्या मनाने गोळी कधीही टाळू नये. सर्वांनी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घातले होते. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात गोचिडींमुळे होणारा माकडताप आढळलेला आहे. रानातून परतल्यावर ताप आल्यास आपण जंगलात गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अंजनीची झाडे निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडली होती. फांद्यांच्या उंच जोडणीत शेकरूचे घरटे दिसले आणि थोड्या वेळाने तांबूस शेपूट सोडून बसलेले शेकरूही दिसले. एक धनेश पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून गेला. गवा मात्र दिसेना. वाटाड्या शेणाचे ताजे पो दाखवी, खुरांचे ठसे दाखवी आणि "आत्ताच गेल्यात," म्हणे. अजून थोडे, अजून थोडे, असे करीत आम्ही न्याहारी पुढे ढकलत राहिलो.

पंधरा मिनिटे

सव्वानऊच्या सुमारास सड्याजवळ आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मागून एकदम सांगितले, "गाडी थांबवा. यांचा आवाज बदललाय."

मी आप्पांच्या शेजारी होते, पण माझे लक्ष झाडीत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, बोटे थरथरत होती आणि विचारलेल्या प्रश्नाला ते भलतेच उत्तर देत होते. मधुमेहाची सकाळची गोळी त्यांनी नेहमीच्या वेळी घेतली होती, न्याहारी मात्र आम्ही गव्याच्या मागे विसरलो होतो. यंत्राने साखर दाखवली ६२. सत्तरच्या खाली गेली की ती कमी समजतात. मी पिशवी उपसू लागले, तोवर आईंनी पर्समधून साखरेची पुडी काढून तीन चमचे साखर पाण्यात ढवळलीदेखील. आप्पा शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून ते पाणी त्यांना लगेच पाजले. रुग्ण गुंगीत असेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा साखर तपासायची असते. आम्ही गाडीचे यंत्र बंद करून तसेच बसून राहिलो.

त्या पंधरा मिनिटांत कोणी काही बोलले नाही. मला स्वतःचा विलक्षण राग आला होता. औषधांचा तक्ता मी केला होता, उशी मी आणली होती, डॉक्टरांचे मुद्दे मला पाठ होते. पण माणसाकडे पाहण्याचे काम मात्र आईंनी केले.

दुसऱ्या वेळी साखर ९४ आली. आप्पांच्या चेहऱ्यावर रंग परतला. आईंनी त्यांच्या हातात भाकरी आणि झुणका ठेवला, आणि पहिला घास मोडतानाच ते कुजबुजले, "हलू नका."

सड्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीपलीकडे, एक गवा उभा होता. मग दुसरा दिसला. मग तपकिरी रंगाचे वासरू. एकूण सात. काळेभोर, चकचकीत अंग आणि गुडघ्यापासून खाली जणू पांढरे मोजे. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत जाते, हे पुस्तकात वाचले होते, पण त्या देहाच्या शांतपणाची कल्पना पुस्तकातून येत नाही. कळपातली एक वयस्क मादी पुढे होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिले. फुसकारली नाही, पळाली नाही, पाहत राहिली. बऱ्याच वेळाने ती वळली आणि तिच्यामागे सारा कळप रानात शिरला. आम्ही थांबलो, गप्प राहिलो, म्हणून ते बाहेर आले असावेत. धावपळीत ते कदाचित दिसलेही नसते.

आप्पा भाकरी हातात धरून बसले होते. "डोळे बघितलेस तिचे?" एवढेच त्यांनी मला विचारले.

ज्यांना कोणी विचारले नव्हते

परत आल्यावर आप्पांनी स्वतःच हिशेब मांडला. पाठ दोन तास टिकली, तिसऱ्या तासाला दुखली. केनियात एकेका दिवशी पाच-सहा तास गाडीत काढावे लागतील. साखरेचा प्रसंग घडला तो घरापासून ८० किलोमीटरवर, हाक मारण्याच्या अंतरावर. "लसीचा धोका, पाठीचा त्रास, आणि तुमच्या जिवाला घोर. एवढं घेऊन मला जायचं नाही," ते म्हणाले. स्वरात कडवटपणा नव्हता. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी अनुभवावरून घेतला होता. आम्ही दिवाळीतच "नको" म्हटले असते तर तोच निर्णय त्यांना शिक्षा वाटला असता.

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच आई म्हणाल्या, "मला जायचंय."

आम्ही सारे त्यांच्याकडे पाहत राहिलो. चार महिने घरात केनियाची चर्चा चालू होती. गुडघा आप्पांचा, साखर आप्पांची, स्वप्न आप्पांचे. आईंना कोणी विचारलेच नव्हते. बासष्ट वर्षांच्या त्या बाईने नवऱ्याच्या गोळ्या, पथ्य आणि तपासण्या बारा वर्षे सांभाळल्या. कोकणापलीकडचा प्रवास तिने कधी केला नव्हता. घरोघरी असे होते. आजारी माणसाच्या इच्छेची आपण चौकशी करतो, पण त्याला सांभाळणाऱ्या माणसालाही इच्छा असते, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

मग डॉक्टरांच्या खोलीत आई बसल्या. रक्ततपासण्या झाल्या, हृदयाचा आलेख झाला, थायमसचा किंवा दुसरा कोणता अडथळा नाही याची खात्री झाली. साठीनंतरचा लसीचा धोका डॉक्टरांनी त्यांनाही स्पष्ट सांगितला. आईंनी दोन दिवस विचार केला आणि लस घेतली. एक दिवस कणकण आली आणि दंड दुखला, इतकेच. पिवळ्या मुखपृष्ठाची ती प्रमाणपत्राची पुस्तिका त्यांनी देवघरातल्या कप्प्यात ठेवली आहे.

ऑगस्टमध्ये त्या, माझे पती आणि आमचा मुलगा जाणार आहेत. मी येथेच राहीन. मधले चार दिवस आप्पा निपाणीला लेकीकडे जातील. सध्या त्या रोज रंकाळ्यावर अर्धा तास चालतात आणि विमानात बसल्या बसल्या करायचे घोट्यांचे व्यायाम शिकतात. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चालायचे आणि पाणी प्यायचे, हे त्यांनी वहीत लिहून ठेवले आहे. औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यायची. प्रवास-विम्याच्या अर्जात जुने आजार लपवायचे नाहीत. मारामध्ये रात्री गारठा असतो, म्हणून स्वेटर.

ही यादी आता आप्पा करतात. बारा वर्षांत प्रथमच त्यांनी आईंच्या गोळ्यांची डबी भरली, वारानुसार, नीट अक्षरात चिठ्ठ्या लावून. शेवटच्या पानावर त्यांनी केनियाचा नकाशा काढून दिला आहे, हात न उचलता. त्याखाली लिहिले आहे, "चित्ता दिसला तर डोळ्यांपासून तोंडापर्यंत येणाऱ्या काळ्या रेघा बघ. आणि डोळे बघ. आल्यावर सांग."